वॅगनमधली भांडी

शॉमबर्गच्या या घरात गेली कित्येक वर्षं रविवारी दुपारी मी एकच जुना वेस्टर्न सिनेमा पाहतो. धुळीचं माळरान, एकटं लाकडी घर आणि ते सोडायला तयार नसलेला हट्टी माणूस. दुष्काळ येतो, गुरं चोरीला जातात, छप्पर जळतं. गडी हलत नाही. तो माझा माणूस. बायको शेजारी बसून मेथी निवडते. तिला सिनेमा आवडतो का, हे मी कधी विचारलं नाही. बसते म्हणजे आवडत असेल.

हल्ली मला सगळ्याचाच शीण येतो. बर्फ उपसा, पन्हळीतली पानं काढा, धुतलेले कपडे तळघरातून वर आणा. बायको तर जिना चढताना दर पायरीवर थांबते. मुलगा दूरच्या रेडमंडहून दर आठवड्याला फोन करतो.

"बाबा, घर विकायला लिस्ट करा ना आता. इथे आमच्याजवळ कॉन्डो बघून ठेवलाय, सिंगल लेव्हल. आईला स्टेअर्स नकोत."

"अरे, मी उद्या निघेन. पण तुझ्या आईचा जीव या घरात अडकलाय."

दोन वर्षं मी हेच सांगत आलो होतो. बायको तिथेच असायची. सगळं ऐकायची.

गेल्या रविवारी सिनेमा सुरू झाला आणि तिनं चिवडा आणून दिला, तोही कागदी बाऊलमध्ये.

"वाट्या कुठायत?" मी विचारलं. आमची लग्नातली स्टीलची भांडी, प्रत्येकावर नाव आणि तारीख कोरलेली. देश सोडताना तिनं ती सुटकेसमध्ये कोंबली आणि माझे स्वेटर मागे राहिले, म्हणून पहिल्या थंडीत मी तिला पुष्कळ बोललो होतो.

"दिल्या. मराठी मंडळात नवीन मुलगी आलीय ना, तिला. डबे, परात, सगळं हळूहळू देतेच आहे. तुम्हाला आज कळलं?"

"नावं घातलेली भांडी कुणी देतं का?" माझा आवाज चढला.

तिनं मेथीची काडी पडद्याकडे केली. "ते बघा."

सिनेमातल्या या प्रसंगात गोळीबार नसतो, म्हणून मी नेहमी चहा टाकायला उठतो. आज बसून राहिलो. त्या माणसाची बायको आपली भांडी एकेक करून वॅगनमध्ये भरत होती. तो आला. त्यानं ती सगळी खाली उतरवली. तिनं ती उचलली आणि मुकाट्यानं घरात नेली.

"दर रविवारी ती भरते आणि हा उतरवतो," बायको म्हणाली. "तुम्ही तेव्हा चहा करत असता."

मला लाज वाटली. जीव माझाच अडकला होता. पुन्हा नव्या गावात परकं व्हायची भीती मला होती, आणि मी तिच्या खांद्यावर बंदूक ठेवून बसलो होतो.

"काहीच नाही ठेवलंस?" मी विचारलं.

"दोन ताटं, दोन वाट्या, चहाचं पातेलं. फडक्यात बांधून ठेवलंय." तिनं मेथीची जुडी बाजूला सारली. "तेवढं तरी उतरवू नका."

मी टीव्ही बंद केला, मुलाला फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला.