किराळ्या

दौंडच्या एस.टी.त माझी पत्र्याची पेटी भिवादादाने चढवली. तळेगाव ढमढेरेच्या स्टँडवर बाजाराची गर्दी होती. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "किराळ्या, भाऊ निघाला व्हय कालेजात?" दादा हसला. मी खिडकीतून दुसरीकडे पाहिलं.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, हे मी आजवर लिहिलं नव्हतं.

ज्वारी कापल्यावर बुडख्यांना कोवळे पोगे फुटतात. ते खाल्ले की मेंढरू तासाभरात आडवं होतं. आम्ही त्याला किराळ लागणं म्हणतो. त्या वर्षी कापणीनंतर एका दुपारी दादा भाकरी आणायला घरी गेला. मेंढरं पोग्यांत जाऊ देऊ नको, असं मला बजावून गेला. माझी बारावीची परीक्षा जवळ आली होती. मी बांधावर भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं. मान वर केली तेव्हा कळप पोग्यांत होता. नऊ मेंढरं गेली.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं, "मेंढरं कुनाकडं व्हती?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"माझ्याकडं," तो म्हणाला.

आबांनी त्याला पुन्हा कळपाला हात लावू दिला नाही. प्रत्येक मेंढरू आवाजावरून ओळखणारा माझा भाऊ शिक्रापूरच्या एका कंपनीत हेल्पर झाला. गावाने त्याला नाव ठेवलं, किराळ्या. एकदा यात्रेत मित्रांच्या घोळक्यात मीही त्याला त्याच नावाने हाक मारली. त्याने ओ दिली.

दौंडला मी पदवीधर झालो, घराण्यातला पहिला. तिथेच एका ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो. घरमालकीण मार्थाबाई, रिटायर्ड नर्स, मला रविवारी चर्चमध्ये न्यायच्या. पहिल्याच रविवारी पाळक हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. मेंढपाळ बाकीची सोडून त्या एकाला शोधत जातो. लोक शांत बसले होते. मला पोट फुगलेली नऊ दिसत होती, आणि त्यांच्यामागे उभा दादा. मी मागच्या बाकावर रडलो. त्यानंतर कितीतरी रविवार तसाच बसत गेलो.

बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं, त्याआधी पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "प्रभूने तुम्हाला क्षमा केली. पण तुमचं ओझं अजून भाऊ वाहतोय. ते कोण उतरवणार?"

पुढच्या सुट्टीला गावी गेलो. अंगणात शेजारचे दोघे बसले होते. त्यांच्यादेखत आबांना सांगितलं, मेंढरं माझ्याकडं होती. उरलीसुरली लोकर कातता कातता आबांचा हात थांबला.

"नऊ गेली ती गेली," ते म्हणाले. "पन ह्याला बारा वरसं म्या मेंढराइना ठिवलं."

दादा कंपनीच्या निळ्या शर्टात भिंतीला टेकून बसला होता. शेजाऱ्यांना म्हणाला, "आता सायबालाबी किराळ्या म्हना. मला एकट्याला लई जड जातंय."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. कळप तोवर विकला गेला होता. दादाची ती बारा वर्षं मी कुठून आणणार होतो?

बाप्तिस्मा झाला. क्षमा मिळाली यावर माझा विश्वास आहे, आणि ती मी कमावलेली नाही हेही मला ठाऊक आहे. घर आता दौंडला आहे. तरी ज्वारीची कापणी झाली की मी तळेगावला जातो. दादा घ्यायला येतो. स्टँडवर कुणीतरी "किराळ्या" म्हणून हाक मारतं, आणि आम्ही दोघेही वळून बघतो.