‘साथ’ नापास

सुनीती कर्णिक गुरुग्रामच्या एका कंपनीत डेटाबेसमधला शोध नीट चालतो का ते तपासते. दवाखान्यांच्या मराठी नोंदींत तिने ‘साथ’ हा शब्द शोधला. ‘तापाची साथ’ असं लिहिलेल्या चाळीस नोंदी तिने सकाळीच डोळ्यांनी वाचल्या होत्या. उत्तर आलं शून्य.

कारण लगेच सापडलं. ‘आणि’, ‘पण’ अशा शोधातून वगळायच्या फालतू शब्दांची यादी तिचा साहेब इंद्रजित याने हिंदीवरून उचलली होती, आणि तिच्यात ‘साथ’ होता.

“साथ म्हणजे ‘बरोबर’ ना यार? कोण शोधणार ते?” तो म्हणाला. हा गृहस्थ दरवर्षी मंडळाच्या गणपतीत फेटा बांधून मायमराठीवर बोलतो.

“मराठीत साथ येते, सर. तापाची, कॉलऱ्याची.”

“यादी बदलली तर पूर्ण इंडेक्स पुन्हा बनवावा लागेल. उद्या डेमो आहे. पास लिही.”

तिने ‘नापास’ लिहिलं. त्याने ते खोडून स्वतःच ‘पास’ केलं आणि तिला दुसऱ्या कामावर टाकलं.

डेमोत दवाखान्यांकडून आलेल्या अधिकाऱ्याने नेमका तोच शब्द टाकला. पडद्यावर क्षणात शून्य उमटलं.

“अच्छा, म्हणजे साथ कुठेच नाही,” तो समाधानाने म्हणाला, आणि इंद्रजितने मान डोलावली.