एका कपाचं यंत्र

सुईबाईंनी उभं आयुष्य हातमोजे शिवले. कारखान्यात पडलेलं हे नाव निवृत्तीनंतरही त्यांच्यामागून घरी आलं आणि तिथेच राहिलं. हातमोजा उलटा शिवतात. शेवटची टीप पडली की बारीक लाकडी काठीने एकेक बोट आतून बाहेर काढायचं, मग तो माणसात येतो. पाचही बोटं सारखी नसतात हे इतरांना म्हणीतून कळतं. सुईबाईंना ते मापानिशी पाठ होतं.

आता डोळ्यांनी दगा दिला होता. नजरेच्या मधोमध धुक्याचा गोळा येऊन बसला होता, कडेचं जग मात्र शाबूत होतं. एखाद्याचा चेहरा दिसायला हवा असेल तर त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघायचं. पाण्याखालून वर यावं तशा वस्तू कोपऱ्यातून त्यांच्या भेटीला येत. दुपारी खिडकीशी बसलं की समोरच्या इमारतीचे मजले विरघळायचे, आणि उरायची नुसती काठावरची दोरी, तिच्यावर कुणाचा तरी सदरा हलत असलेला. खरं सांगायचं तर त्यांना हे सगळं वाईटच वाटे असं नाही.

पण गेल्या महिन्यात उकळतं पाणी कपाऐवजी मनगटावर पडलं, आणि लेकीने निर्वाणीचं सांगितलं. स्वतःपुरती एक कप कॉफी न भाजता करता आली तर राहा इथे, नाहीतर माझ्याकडे चल, खोली तयार आहे. लेक दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसायची. तिच्या काळजीला उदाहरणांचा तोटा नव्हता.

म्हणून शनिवारी सकाळी दोघी दुकानात गेल्या. एका वेळी एकच कप करणारी यंत्रं फळीवर ओळीने मांडली होती. विक्रेत्याने समजावून सांगितलं: कॉफीची पूड भरलेली ही बंद डबी, हिला पॉड म्हणायचं, ती आत ठेवायची, खाली कप, बाकीचं यंत्र बघून घेतं. उकळत्या पाण्याशी तुमचा संबंधच नाही, आजी.

लेकीने एक आधीच हेरून ठेवलं होतं. काळं, आरशासारखं गुळगुळीत. प्रत्येक कपाची वर्दी तिच्या मोबाइलवर जाणार. सकाळी आठपर्यंत गेली नाही तर ती फोन करणार. सुईबाईंनी त्याच्यावरून हात फिरवला. बोटांना काहीच सापडलं नाही. सगळ्या कळा काचेच्या आत होत्या.

"याला नाक-डोळेच नाहीत गं."

"आई, कॉफी करायचीय. स्थळ बघायला आलो नाही आपण."

सुईबाई डोळे मिटून फळीभर चाचपत गेल्या. धातू, काच, पुन्हा काच. त्यांना वाटलं, आपण एखाद्या झोपलेल्या गावातून चाललोय आणि दारं हाताने ओळखतोय. टोकाला एक बुटकं यंत्र लागलं. वर फुगीर बटण, पुढे दांडा. ओढला की खट्ट वाजणारा. विक्रेता म्हणाला, जुनं आहे, टाकी लहान, रंगही एकच उरलाय. रंगाचं काय घेऊन बसलात, असं सुईबाई म्हणाल्या.

करून दाखव, लेक म्हणाली.

पॉडच्या एका अंगाला ताणलेलं पातळ झाकण, दुसऱ्या अंगाला निमुळतं बूड. बोटांनी क्षणात ठरवलं: जी बाजू दाखवायची, म्हणजे झाकणाची, ती आत. दांडा अर्ध्यात अडला. त्यांनी जोर लावला, आतमध्ये काहीतरी चेंगरलं, आणि कपात नुसतं गरम पाणी पडलं. लेकीने श्वास सोडला, आणि तो सुटकेचा होता. तेच सुईबाईंना लागलं.

त्यांनी चेंगरलेला पॉड काढून सावकाश चाचपला.

"मी याला हातमोज्यासारखं बसवलं," त्या म्हणाल्या. "सुलटी बाजू आत. आणखी एक द्या."

या वेळी बूड पुढे गेलं. खट्ट. यंत्र घरघरलं, धार लागली, आणि धार पातळ व्हायच्या आधीच वास वर आला. तपकिरी, रुंद, हळूहळू पसरणारा. त्या वासाला मध्ये धुकं नव्हतं. सुईबाई त्याच्यात किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग त्यांनी कप उचलला. एक थेंब सांडला नाही.

त्यांनी फळीकडे पाहिलं, तशी शेजारी उभी असलेली लेक दिसली. तिचा चेहरा पडला होता.

"झाली की कॉफी. मग तुझं तोंड का उतरलं?"

लेक बराच वेळ पॉडच्या खोक्यावरची अक्षरं वाचत राहिली. मग म्हणाली, "मी त्या खोलीला पडदे शिवून घेतले होते. संध्याकाळी घरी गेलं की दिवा मीच लावायचा असतो, आई. रोज."

"मग तसं सांगायचं होतंस. माझ्या डोळ्यांवर कशाला ढकललंस?"

सुईबाईंनी तिचा हात शोधला. बोटं गार होती; मापही त्यांना पाठ होतं. घर सोडायची नाही मी, त्यांनी सांगितलं, पण शनिवार-रविवार तू माझ्याकडे येत जा, आणि एखाद्या आठवड्यात मी येईन तुझ्या पडद्यांत झोपायला.

"हे यंत्र एका वेळी एकच कप करतं," लेक म्हणाली.

"करू दे."

त्यांनी कप तिच्या हातात दिला. तिने अर्धी पिऊन तो परत केला. विक्रेता खोकं आणायला आत निघाला होता; दारातून त्याने वळून पाहिलं, आणि घाई केली नाही.