आत्यांसाठी घासलेला बाक

आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्या काठी घेऊन चालू लागल्या, पण बसल्या जागेवरून उठणं जमेना. नवऱ्यानं दारापुढं बसायला प्लास्टिकची खुर्ची आणली. उठताना हातांवर जोर दिला की ती कलायची. आत्यांनी धसकाच घेतला आणि बाहेर येणं सोडलं.

अंगणात जुना सागवानी बाक होता. उंच, जड, दोन्ही बाजूंना भक्कम हात. उन्हापावसानं मात्र तो राखाडी पडला होता आणि त्याची कुसळं लुगड्यात अडकायची.

"भंगारात देऊन टाकू," नवरा म्हणाला.

"मी नीट करते. तुम्ही फक्त उलटा करून द्या."

बाक घासून धुतला, पार आतून वाळू दिला. मग आधी जाड आणि नंतर बारीक पॉलिश पेपर. बोटं सुजली, पण आतलं तांबूस लाकूड दिसायला लागलं. घाईघाईनं बैठकीच्या खालच्या अंगाला रंग लावून बघितला, तर कुठं काळाकुट्ट, कुठं फिका. कोरडं लाकूड वाटेल तसा रंग पीत होतं. रडू आलं. मग डोळे पुसले, तो भाग पुन्हा घासला आणि दुकानातून रंगाआधी लाकडाला लावायचं, त्याची छिद्रं बुजवणारं सीलर आणलं.

आत्या दारातून बघत होत्या. "सोड की गं आता. लई हात दुखत्यात तुजं."

"दुखू द्या."

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मग मला बी दे एक कागद."

एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता, रिकामं बसणं ठाऊक नव्हतं. पलंगावर बसून त्यांनी बाकाची एक सुटी पट्टी गुळगुळीत केली. ती मी परत ठोकली. सगळीकडं सीलरचा पातळ हात दिला. पायांच्या तळांना दोनदा दिला, कारण पाणी तिथूनच चढतं. वाळल्यावर हलकं घासलं आणि मगच रंग लावला. या वेळी तो सारखा बसला. एक पाय जरा गडद झाला, तो तसाच राहू दिला.

बाक पूर्ण वाळल्यावर आत्या संध्याकाळी त्यावर बसल्या. उठायच्या वेळी मी हात पुढं केला.

"मागं सर," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा दात-ओठ खाऊन त्या उठल्या, एकट्या, आणि फाटकापर्यंत चालत गेल्या.