पिवळ्या तांदळांचं बोलावणं

मावशीला कोणाच्या घरी सहज म्हणून जाताच येत नसे. दारात आली की हातात वाटी, वाटीत हळदीने पिवळे केलेले तांदूळ आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "बोलावणं आहे जी, यायचं बरं." आमच्या विणकरांच्या गल्लीत लग्न असो की बारसं, घरोघरी निमंत्रण पोचवायचं काम तिचंच. छापील पत्रिका वाटणारेही मागून मावशीला पाठवत, कारण पत्रिका माणूस विसरतो, मावशी विसरू देत नसे. नाव तिचं वेगळं होतं, पण सगळ्या गल्लीची ती बोलावणेवाली मावशी.

तिचं शास्त्र साधं होतं. तांदूळ हातात घेतले की माणूस बांधला गेला. एकदा मी अंग दुखण्याचं निमित्त सांगू लागले, तर म्हणाली, "तांदूळ घेतले ना वं? मग आता अंग दुखते तर दुखतं अंग घेऊन ये." मी शिवणयंत्र झाकलं आणि मुकाट्याने गेले.

पुढे लग्नं लॉनवर गेली, निमंत्रणं फोनवर येऊ लागली आणि मावशी रिकामी झाली. पण स्वस्थ बसेल तर ती मावशी कसली! समाजभवनात म्हाताऱ्यांसाठी सरकारी योजनांचं शिबिर लागायचं; श्रावणबाळची पेन्शन, चष्मा, कानाचं यंत्र, असं बरंच काही. टेबलं मांडलेली आणि समोर खुर्च्या रिकाम्या. मावशीने दारातून डोकावून पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. इतका स्वयंपाक करून ठेवला आणि पंगतीत कोणी नाही, बोलावलं तरी आहे का कोणाला, असं ती मला विचारू लागली. पुढच्या शिबिराच्या आधी तिने वाटीत तांदूळ भिजवले. हळद लावून वाळवले आणि गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहिली. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक घेऊन यायचं, हेही ती लग्नाचा मुहूर्त सांगावा तशा आवाजात सांगे. लोक हसले, पण गेले.

एक घर मात्र अडलं. दामोधरजींचं. जन्मभर हातमागावर लुगडी विणलेला माणूस. माग कधीच मोडीत गेला होता, मूलबाळ नव्हतं, नजर अधू झाली होती. घरात नवराबायको दोघंच आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या ते एक दिवस आड घ्यायचे, हे त्यांच्या बायकोने, द्रौपदाबाईने, मला रडत रडत सांगितलं होतं. पण शिबिराचं नाव काढलं की म्हातारा दार लावून घेई. शिबिरवाले ऑटोवरच्या भोंग्यातून "निराधार वृद्धांनी लाभ घ्यावा" असं ओरडत गेले होते ना, ते त्यांच्या काळजात रुतलं होतं. "बायको जिवंत आहे माझी. मी काहून निराधार?" असं त्यांनी मला खडसावलं.

मावशी गेली तेव्हा मी सोबत होते. तिने योजनेचं नावही काढलं नाही. तांदळाची वाटी पुढे केली आणि म्हणाली, "गुरुवारी समाजभवनात तुमचं बोलावणं आहे, जोडीनं यायचं."

म्हातारा म्हणाला, "मी हात पसरून मागाले जात नाही कोठी."

"बिनबोलावता जाते तो मागाले जाते, दामोधरजी. तुमच्या दारी तर मी अक्षता घेऊन आली."

अक्षता परतवणं त्या पिढीला जमण्यासारखं नव्हतं. दामोधरजींनी वाटीकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

गुरुवारी दोघं आले, ते वरातीला निघावं तसे. त्यांची टोपी पांढरीशुभ्र, द्रौपदाबाईचं लुगडं दामोधरजींच्याच हातचं. टेबलाशी पोचल्यावर दामोधरजींनी पिशवीतून एक घडी काढली आणि अर्ज भरून घेणाऱ्या सरकारी साहेबांच्या पुढ्यात ठेवली. जपून ठेवलेला, स्वतः विणलेला पंचा. बोलावण्याला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून आहेर आणला होता हो त्यांनी!

साहेब दचकलेच. त्यांना ती लाच वाटली. "हे काय? उचला आधी, इथे असलं चालत नाही," ते मोठ्याने म्हणाले आणि सगळं समाजभवन वळून पाहू लागलं. दामोधरजींचा चेहरा पडला. त्यांनी पंचा उचलला, द्रौपदाबाईचा हात धरला आणि दाराकडे वळले. हा माणूस आता गेला तर पुन्हा यायचा नाही, हे मला दिसत होतं.

मावशी भांडली नाही. ती टेबलाजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेब, लाच नाही ते, आहेर आहे. तुम्ही घरधनी आहात आज. पाहुणा उपाशी चालला."

साहेब तरुण होते, पण कुठल्या तरी घरचेच होते. ते उठले, दारापर्यंत गेले आणि दामोधरजींना हाताला धरून परत घेऊन आले. आहेर मला घेता येत नाही, बाबा, पण आजच्या कामाला टेबलावर अंथरू द्या, असं त्यांनी सांगितलं. मग त्याच पंच्यावर ठेवून दामोधरजींचा अर्ज भरला गेला. पेन्शन सुरू झाली, गोळ्या रोज सुरू झाल्या. पंचा मात्र समाजभवनातच राहिला. दर शिबिराला तो टेबलावर असतो.

मावशीचे गुडघे थकले तशी लेक तिला रामटेकला घेऊन गेली. बस हलेपर्यंत ती खिडकीतून मला कोणाकोणाला बोलवायचं राहिलं ते सांगत होती. ती गेली आणि मला फार ओकंबोकं झालं. खरंच सांगते, आईनंतर इतकी कोणाची आठवण आली नाही. आता संपलं हे बोलावणं, असंच मी धरून चालले होते.

यंदा मला पासष्ट पूर्ण झाली. सुईत दोरा ओवता येईना. चष्म्यासाठी योजना आहे हे मला पाठ, तरी पाय उचलेना. दुसऱ्यांना सांगणं सोपं असतं हो! शिवाय नवरा गेल्यापासून आमच्याकडे सगळी निमंत्रणं मुलाच्या नावाने येतात. माझ्या नावाने कोण बोलावणार?

परवा सकाळी दारात खाकरल्याचा आवाज आला. पाहते तर पांढरी टोपी, हातात वाटी आणि वाटीत पिवळे तांदूळ.

"शकुंतलाबाई," दामोधरजी म्हणाले, "गुरुवारी समाजभवनात बोलावणं आहे. तुमच्या नावाचं."

मी पदर पुढे केला. ते गेल्यावर तांदूळ देवापाशी ठेवले, डोळे पुसले आणि कापडाच्या गाठोड्यातून चांगलासा तुकडा शोधायला बसले. रिकाम्या हाताने कसं जायचं?