रंगमंचाखालच्या बरगड्या

हॅल्डिस नगरपालिकेवर निवडून येईल असं कुणाच्याच मनात नव्हतं, तिच्या तर नाहीच. पक्षाच्या यादीत नवव्या जागी एका बाईचं नाव कमी पडत होतं. मासळीच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तिच्यापुढे कागद सरकवला आणि तिने ओले हात एप्रनला पुसून सही ठोकली. टांगसुंद गावच्या लोकांनी नेमक्या तिच्याच नावापुढे खुणा केल्या. तीस वर्षं एका जागी उभं राहून मासे कापणारी बाई खोटं बोलायला वेळ कुठून आणणार, असा त्यांचा हिशेब असावा.

समित्या वाटायची वेळ आली तेव्हा बंदराच्या समितीसाठी सगळ्यांची झुंबड उडाली. जुन्या संगीतगृहाच्या दुरुस्तीवर देखरेख ठेवायची समिती कुणालाच नको होती. नगराध्यक्ष गौतेने टेबलाभोवती नजर फिरवली आणि म्हणाला, "हॅल्डिस, तू घे. मोठी कामं सगळी इंजिनियर लोकच करतात. तू फक्त महिन्यातून एकदा जाऊन बघायचं."

"बघायचं म्हणजे काय बघायचं?"

"छप्पर आहे की नाही ते."

सगळे हसले. तीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून कारखाना सुटला की रोज संध्याकाळी ती तिकडे जायला लागली.

हेरिंग मासळीच्या भरभराटीच्या दिवसांत गावाने ते लाकडी संगीतगृह उभारलं होतं. आता वीस वर्षं बंद होतं. आत ओलसर वास, भिंतींना बुरशी, खुर्च्यांवर कबुतरांची घाण. कामगारांना सुरुवातीला तिची अडचण वाटली, मग ती वॉफल आणि तपकिरी चीज घेऊन यायला लागल्यावर अडचण कमी झाली. कामाची मुख्य इंजिनियर राग्नी शहरातून आलेली, चाळिशीची, बोलायला तुटक. पण विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची. हॅल्डिसला ते आवडायचं.

छप्पर आणि भिंतींत तीन वर्षं गेली, आणि निवडणुकीच्या वर्षी एप्रिलमध्ये रंगमंचाची जमीन उखडायला घेतली. एक तृतीयांश फळ्या निघाल्या तेव्हा हॅल्डिस कडेला उभी होती. तिने खाली वाकून पाहिलं आणि तशीच गुडघ्यांवर बसली. फळ्यांखाली सरळ तुळया नव्हत्या. होडीला असतात तशा वाकदार बरगड्या होत्या, एकीशेजारी एक, जणू एखादी मोठी होडी रंगमंचाखाली झोपवली होती. कुठे खिळा नाही. सगळीकडे लाकडाच्या खुंट्या. आणि भिंतीपासून चहूबाजूंनी बोटभर फट.

"ही फट कशाला?" तिने विचारलं.

"लाकूड आकसलंय. जुन्या कामात असंच असतं," राग्नी म्हणाली. "हे सगळं काढून काँक्रीट भरायचं, त्यावर नव्या फळ्या चिकटवायच्या. नकाशात मंजूर आहे."

"चारी बाजूंनी सारखंच आकसलं?"

राग्नी पुन्हा नकाशा उलगडून बघू लागली. हॅल्डिसने एक सुटी खुंटी उचलली. जुनिपरच्या लाकडाची, आठ बाजू तासलेली, टोकाला किंचित निमुळती. असं काम करणारा माणूस तिला माहीत होता. तो तिचा सासरा होता आणि सत्तावीस वर्षांत त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता.

अनफिन खाडीपलीकडचा होड्या बांधणारा. त्याने आपल्या मुलाला, लेडुल्फला, लग्नाच्या वर्षी एक होडी बांधून दिली. त्याच होडीतून लेडुल्फ नोव्हेंबरात जाळी ओढायला गेला. होडी तिसऱ्या दिवशी खडकांत सापडली, एक ओरखडाही नसलेली. लेडुल्फ सापडलाच नाही. हॅल्डिस तेव्हा एकतीस वर्षांची होती. सासरा त्यानंतर तिच्या दारात आला नाही. बाजारात दिसली तर रस्ता बदलायचा. तिने समजून घेतलं, की त्या वाऱ्यात मुलाला जाऊ दिल्याबद्दल म्हातारा आपल्याला दोष देतो. दोष खरा असेल असंही तिला कधी कधी वाटायचं. त्या सकाळी ती झोपून राहिली होती, खिडकीतून समुद्र बघायला उठली नव्हती. पुढे म्हातारा खाडीपलीकडून वृद्धाश्रमात आला, तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. ती दहा मिनिटं तिला कधी चालता आली नव्हती.

रविवारी ती खुंटी कोटाच्या खिशात घालून गेली. खोलीच्या दारात उभी राहिली तेव्हा पहिला प्रश्न हाच, की हाक काय मारायची. लेडुल्फ म्हणायचा तेच तोंडातून आलं.

"बाबा."

म्हातारा खिडकीपाशी बसला होता. शहाऐंशी वर्षांचा, पण पंजे अजून वल्ह्यासारखे. त्याने मान वळवली.

"अजून मासेच कापतेस?"

"हो. आणि आता नगरपालिकेतही बसते."

"ऐकलं. दोन्हीकडे वास सारखाच असेल."

तिने खुंटी त्याच्या हातात दिली. त्याने ती अंगठ्याने फिरवली, नाकाशी नेली.

"ही आमची. माझ्या बापाची आणि माझी. बावन्न साली अर्धा रंगमंच आम्ही नवा केला. कुणी उपटली?"

तिने सगळं सांगितलं. काँक्रीट म्हटल्यावर त्याने डोळे मिटले.

"ती फट आम्ही ठेवलेली आहे. रंगमंच भिंतीला टेकला की मुका होतो. लाकडाला हलायला जागा पाहिजे. बाप मोगरीने एकेक बरगडी ठोकायचा आणि मी त्या टोकाला कान लावून बसायचो."

"हे तुम्ही तिथे येऊन सांगाल?"

"तू मला बोलावतेस?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या हातचं काम तुला चालेल?"

तिला कळेना. "का नाही चालणार?"

म्हाताऱ्याने खुंटी मांडीवर ठेवली. "होडीचा काठ मी चार बोटं बुटका केला होता. मापापेक्षा बुटका. लाट आली तर माणूस आत राहावा एवढा काठ पाहिजे, हे मला माहीत होतं. तरी केला. तुझ्या दारात कोणत्या तोंडाने यायचं होतं मी?"

हॅल्डिस खाटेच्या कडेवर बसली.

"बाबा, काठ बुटका करायला त्यानेच सांगितलं होतं. जाळी ओढताना खांदा दुखायचा त्याचा. तुम्ही नको म्हणत होतात आणि तो आठवडाभर तुमच्या मागे लागला. मला घरी येऊन सांगायचा, आज पण म्हातारा ऐकत नाही म्हणून."

"सांगायचा?"

"रोज. आणि ऐकलंत तेव्हा इतका खूश झाला की मला उचलून अंगणभर फिरला." तिने श्वास घेतला. "मला वाटलं, तुम्ही मला दोष देता. मी त्याला अडवलं नाही म्हणून."

"तुला?" म्हातारा म्हणाला. "त्याला कोण अडवणार होतं? मला नाही जमलं कधी."

परिचारिका कॉफी घेऊन आली, दोघांचे चेहरे बघून कप ठेवून निघून गेली. कॉफी निवली तरी कुणी हात लावला नाही.

मंगळवारी हॅल्डिसने त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून संगीतगृहात आणलं. कामगारांनी खुर्ची उचलून रंगमंचाजवळ ठेवली. म्हाताऱ्याने मोगरी मागितली. उरलेल्या बरगड्यांवर एकेक ठोका देत गेला. "ही चांगली. ही पण. ही कुजली, काढा. ही चांगली." राग्नी आधी हाताची घडी घालून उभी होती, मग त्याने दिलेले कौल कागदावर लिहून घ्यायला लागली. म्हाताऱ्याने कुजकी म्हटलेली एक तिने कापून पाहिली. आत भुसा.

"पण आवाजाचं मला कानाने पटलं पाहिजे," ती म्हणाली. कोपऱ्यात नमुन्यासाठी ओतलेला काँक्रीटचा तुकडा होता, वर नव्या फळ्या चिकटवलेला. शाळेतल्या संगीतशिक्षकाला चेलो घेऊन बोलावलं. त्याने आधी त्या तुकड्यावर वाद्याचं टोक टेकवून एक लांब स्वर वाजवला. मग जुन्या फळ्यांवर तोच. हॅल्डिसला संगीतातलं काही कळत नव्हतं, पण दुसऱ्या वेळी तो स्वर तिच्या तळपायांतून वर चढला.

"पुन्हा वाजव," राग्नी म्हणाली. पुन्हा ऐकल्यावर तिने नकाशाची गुंडाळी केली. "मी बदलाचा अहवाल लिहिते. पण सभेत तुलाच भांडावं लागेल. उद्घाटन चार-पाच महिने पुढे जाईल."

उद्घाटन पुढे म्हणजे निवडणुकीनंतर, आणि गौतेला फीत निवडणुकीआधी कापायची होती. सभेत तो गोडच बोलला. "हॅल्डिस, माशांतलं तुला कळतं, ते कुणी नाकारत नाही. पण हे संगीताचं आहे."

"फरक एवढाच," ती म्हणाली, "मासा खराब असला तर तुला लगेच वास येतो. हे खराब झालं तर आपल्या नातवंडांना कळेल, आणि तोपर्यंत काँक्रीट घट्ट झालेलं असेल." मग तिने ठराव मांडायच्या आधी सगळ्यांनी एकदा तिथे यावं अशी विनंती केली. एकवीस नगरसेवक कोट घालून त्या थंडगार घरात बसले. शिक्षकाने दोन्हीकडे वाजवलं. म्हातारा रंगमंचाशेजारी खुर्चीत बसून ऐकत होता. मतदानाला बारा हात वर गेले. गौतेचा हात खालीच होता, पण निघताना तो म्हाताऱ्याच्या खुर्चीपाशी थांबला आणि टोपी काढून हातात घेतली.

उन्हाळाभर अनफिन रोज दोन तास तिथे असायचा. दोन सुतारांना खुंट्या तासायला त्याने शिकवलं, शिव्यांसकट. पहिला कार्यक्रम झाला त्या दिवशी तो आणि हॅल्डिस मधल्या रांगेत बसले. दुसऱ्या भागात म्हातारा तिच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपला आणि तिने टाळ्यासुद्धा हळू वाजवल्या.

त्यानंतर तो तीन हिवाळे जगला. रविवारी ती माशाचे वडे घेऊन जायची, तो नावं ठेवत सगळे खायचा. तो गेला तेव्हा चर्चमध्ये ती कडेच्या बाकावर बसायला निघाली होती. म्हाताऱ्याच्या धाकट्या बहिणीने, नव्वदीला टेकलेल्या, काठीने पुढचा बाक ठोकला आणि सरकून जागा केली.

"इकडे ये गं," ती म्हणाली. "घरची माणसं पुढे बसतात."