रविवारी साडेतीनचा सामना

कुसुंबवाडीच्या नानासो निकमांना घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि वर्षातले आठ दिवस ते सबंध गावाशी बोलायचे. ते आठ दिवस म्हणजे यात्रेआधीच्या क्रिकेट स्पर्धेचे. गावाबाहेरच्या माळावर आसपासच्या गावांच्या संघांचे टेनिस बॉलचे सामने चालायचे आणि नानासो माइक धरून सकाळी आठपासून दिवस बुडेपर्यंत समालोचन करायचे.

आवाज त्यांना फौजेनं दिला होता. एकोणिसाव्या वर्षी भरती झाले, सतरा वर्षं सिग्नलमध्ये वायरलेस सांभाळला. डोंगरावरच्या चौकीत बसून खालच्या माणसाला एकेक शब्द स्वच्छ ऐकू जावा असं बोलायची सवय तिथं लागली. युनिटच्या सामन्यांचं समालोचनही तिथंच सुरू झालं. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा त्यांनी चार गडी जमवून माळावरचे दगड वेचले, रोलर फिरवला आणि स्पर्धा उभी केली. त्याला आता एकवीस वर्षं होऊन गेली.

विट्याच्या आसपासच्या गावांचं असतं तेच कुसुंबवाडीचं आहे. दर तिसरं घर कुलूपबंद. पोरगा अठरा-वीसचा झाला की मामाच्या, चुलत्याच्या गलाईच्या दुकानात जातो. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं ते काम. कोण लुधियानात, कोण केरळात, कोण कटकला. नानासोंचा जयराज पूर्वी याच माळावर पहिलं षटक टाकायचा. तोही कोइमतूरला गेला, तिथंच बस्तान बसवलं. चार वर्षांपूर्वी नातू झाला तेव्हा माया, नानासोंची बायको, सहा महिन्यांसाठी म्हणून गेली. मग नात झाली. भांडण नाही, अबोला नाही, फक्त सहा महिने संपले नाहीत. नानासो दोनदा जाऊन आले. दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमेना. दुसऱ्या खेपेला तर माळावर पाणी मारायचं राहिलंय असं सांगून ते तेराव्या दिवशी परत आले. मायानं वाटेसाठी डबा बांधून दिला.

तेव्हापासून आमटीभात स्वतः करायचा, भाकरी शेजारच्या बनाबाईकडून यायची.

स्पर्धेला मात्र उतरती कळा लागली होती. पहिल्या दोन दिवशी माणसं यायची, तिसऱ्या दिवसापासून माळ ओस पडायचा. गेल्या खेपेला उपांत्य सामन्याला नानासोंनी मोजली तर एकोणतीस माणसं होती, त्यातली बावीस खेळणारी.

म्हणून जानेवारीत शाळेच्या खोलीत बैठक बसली. अध्यक्ष कोंडीबा. त्यांच्या बापानं आयुष्यभर मेंढरं राखली, यांनी डाळिंब लावलं, बोलणं कमी. कराडला इंजिनिअरिंग शिकून आलेला ऋषिराज आधीच फळ्यावर खडूनं सगळं लिहून बसला होता. त्याचं म्हणणं असं, की दहा षटकांचे चार सामने एका दिवशी, तेही कामाच्या वारी, कोण बघणार? सहा षटकांचा सामना करा, तासाच्या आत संपवा. सहा रविवार, दर रविवारी दोनच सामने, साडेतीन ते सहा. गलाईची दुकानं रविवारी बंद असतात. सामने यूट्यूबवर लाइव्ह दाखवा, म्हणजे देशभर पांगलेलं गाव बघेल. शुक्रवारी पोस्टर सोडायचं, सोमवारी चांगल्या षटकारांची छोटी क्लिप.

नानासो उठले. गावाची स्पर्धा यात्रेला जोडली आहे ती उगाच नाही, असं त्यांनी सांगितलं. सामने खेळायला आणि बघायला माणसं आठ दिवस आधी गावी येतात, घरं उघडतात, म्हाताऱ्यांना भेटतात. शेवटी ते ऋषिराजकडं वळले.

"पोरं फोनवरच बघायला लागली, तर येतील कशाला रं?"

"आताबी कुठं येत्यात, नाना?" ऋषिराज म्हणाला. तो टोचून बोलला नव्हता.

मग सोनम बोलली. ती विश्रामबागच्या कॉलेजात शिकते, तिथं मुलींच्या संघातून खेळते. तिनं वेगळंच काढलं. सकाळी आठला सामना लावला तर गावातली एकही बाई येऊ शकत नाही, साडेतीनला सगळ्या मोकळ्या असतात. एकवीस वर्षांत ही गोष्ट कोणी हिशेबात धरलीच नाही, असं ती म्हणाली. नानासोंना ते लागलं, कारण ते खरं होतं. माया कधी सामन्याला आली नव्हती आणि तिला आवड नाही असं ते धरून चालले होते.

कोंडीबांनी हात वर करायला सांगितले. नानासोंचा एकट्याचा हात खाली राहिला. समालोचन तेवढं तुम्हीच करायचं, असं सगळे म्हणाले.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी माळावर साठेक माणसं आली. बायका चिंचेखाली बसल्या. नानासो नेहमीसारखेच समोरच्यांशी बोलत होते. दुसरं षटक संपलं आणि शेजारी बसलेल्या सोनमनं फोन त्यांच्यापुढं धरला. अकराशे माणसं बघत होती. खाली एकामागून एक ओळी सरकत होत्या. एक तिनं वाचून दाखवली. तानाजीनं लुधियानातून लिहिलं होतं, की आत्ता चेंडू गेला तिथं बांधापलीकडं आमचा आंबा आहे, त्याला मोहर आलाय का बघा.

नानासो माइक घेऊन उभे राहिले आणि त्यांनी बांधाकडं पाहिलं.

"तानाजी, मोहर लय चांगला आलाय. अर्ध्या अंगाला पिवळा हाय. राखणीला मातुर कोण न्हाई."

त्यानंतर ओळींचा पाऊस पडला. कोणाला आपल्या घराचं छप्पर विचारायचं होतं, कोणाला विहिरीचं पाणी. सुलाबाईच्या मुलानं कटकहून विचारलं, आईचा गुडघा कसा आहे, ती फोनवर नीट सांगत नाही. सुलाबाई चिंचेखालीच होत्या. नानासोंनी माइकवरूनच विचारलं, सुलाबाईंनी हात हलवला आणि बरी आहे म्हणून नानासोंनी सांगून टाकलं. कॅमेरा तिकडं वळला.

पुढच्या रविवारपासून नानासो सकाळीच गावातून फेरी मारू लागले. कोणाच्या दारात काय, कोणाची गाय व्याली, कोणाच्या भिंतीला ओल आली, सगळं बघून ठेवायचं आणि दोन षटकांच्या मधे सांगायचं. ऋषिराजनं पोस्टरवर त्यांचं नाव खेळाडूंच्या वर टाकलं. पाचव्या रविवारी बघणारे चार हजारांच्या पुढं गेले आणि मैदानावरही पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी झाली. दुकानात, एसटी थांब्यावर माणसं नानासोंना थांबवून बोलायची. बैठकीत हरलेला माणूस आपणच होतो, हे ते स्वतःही विसरले.

सामना संपला की कोइमतूरचा फोन यायचा. नातू अर्धं षटक बघतो आणि मग कार्टून मागतो, असं माया हसत सांगायची. जयराजनं एकदा फोन घेतला. म्हणाला, "आबा, लय भारी चाललंय. मैदानावर बसल्यागत वाटतं. गावाकडं आल्यागतच की."

नानासोंना त्या वेळी बरं वाटलं.

यात्रा आली तेव्हा त्यांना त्या वाक्याचा अर्थ उमगला. पूर्वी आठ दिवस आधीपासून गावात बॅगा उतरायच्या. त्या वर्षी माणसं पालखीच्या आदल्या संध्याकाळी आली आणि पालखी झाल्यावर दुसऱ्या दिवशी गेली. कित्येक आलीच नाहीत. जयराजही नाही. सामने तर बघून झाले होते, घराची खबर नानासोंनी दर रविवारी पोचवली होती. आईच्या गुडघ्याची चौकशी करायला सुलाबाईच्या मुलाला आता गाडीत बसावं लागत नव्हतं. सुलाबाईंनी देवळापाशी नानासोंना एवढंच विचारलं, "नाना, तुमी त्याला मी बरी हाय म्हणून कशाला सांगितलं?" ते घरी आले, आमटी गरम केली आणि न जेवताच पडून राहिले.

पुढच्या जानेवारीत पुन्हा तीच खोली, तोच फळा. या वेळी नानासो आधी बोलले. सगळे सामने दाखवा, पण अंतिम सामना यात्रेच्या आदल्या दिवशी ठेवा आणि फोनवर दाखवू नका. बघायचा असेल त्यानं यावं.

ऋषिराजला ते पटलं नाही आणि त्यानं शांतपणे कारणं दिली. वर्षभर जमवलेला बघणारा ऐन शेवटी तोडायचा, तोही गुरुवारी, म्हणजे मेहनत पाण्यात. "चार हजार माणसं सोडून चारशेसाठी, नाना?"

"चारशे आली तरी लय झाली."

बराच वेळ खल झाला. अखेर सोनमनं मार्ग काढला: सामन्याचं चित्रण करायचं, पण ते दोन दिवसांनी टाकायचं. एक वर्ष करून बघू. कोंडीबांनी मान डोलावली. पोस्टरवर छापलं, अंतिम सामना फक्त मैदानावर.

शेवटच्या रविवारी नानासोंनी माइकवरून आमंत्रण दिलं, नावं घेऊन घेऊन. ओळी सरकत होत्या. येतो म्हणणारे होते, चिडलेलेही होते. एक ओळ सोनमनं वाचली नाही, नुसता फोन त्यांच्याकडं केला. केरळातल्या एकानं लिहिलं होतं, की दुकान एकट्यावर आहे, सुटी मिळत नाही, वर्षभर रविवारचीच वाट बघतो, माझ्यासाठी तरी दाखवा. नानासोंनी ती दोनदा वाचली. आजवर लिहून विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी उत्तर दिलं होतं. याला दिलं नाही. पुढचं षटक सुरू झालं होतं.

गुरुवारी दुपारी बाराला जयराजचा फोन आला. कामावरचा गडी सणाला गेलाय, भट्टी सोडून निघता येत नाही, पुढच्या वर्षी नक्की. आई एकटी दोन लेकरांना टाकून कशी येणार? नानासो बरं म्हणाले आणि टोपी घालून माळाकडं निघाले.

माणसं अडीचशेच्या आसपास होती. त्यातली परगावाहून यात्रेला परतलेली एकोणीस. नानासोंनी एकोणिसांची नावं माइकवरून घेतली. तानाजी लुधियानाहून दोन दिवस रेल्वेनं आला होता, धुळकट कपड्यांतच पाया पडला. सुलाबाईंचा मुलगा आईला धरून चिंचेपर्यंत घेऊन गेला. एकोणिसावं नाव झाल्यावर नानासो जरा वेळ रस्त्याकडं बघत राहिले, तेव्हा कोंडीबांनी हातानं खुणावलं आणि सामना सुरू झाला.

सामना मात्र असा झाला की बघणाऱ्यानं विसरू नये. शेवटच्या चेंडूवर समोरच्या संघाला चार धावा हव्या होत्या, उंच मारलेला फटका सीमेवर एका हातात अडकला आणि कुसुंबवाडी जिंकली. सगळे आत धावले. नानासोंचं शेवटचं वाक्य त्या गोंगाटात कोणालाच ऐकू गेलं नाही.

सातच्या सुमाराला ते घरी दिवा लावत होते तेव्हा मायाचा फोन आला.

"आवं, काय झालं सामन्याचं? हितं काय दिसंना."

"परवा टाकणार हाय ऋषिराज. बघ तवा."

"तुमीच सांगा की."

नानासो खुर्चीवर बसले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तिनं सामन्याचं कधी विचारलं नव्हतं. त्यांनी नाणेफेकीपासून सुरू केलं. षटकामागून षटक, कोण कुठं उभा होता, वारा कसा उलटा फिरला, सगळं. तिकडून मधूनमधून हुंकार यायचा. मागं लेकरांचा दंगा, भांड्यांचा आवाज. शेवटचा झेल त्यांनी सावकाश सांगितला.

"कोण कोण आलतं?" तिनं विचारलं.

त्यांनी एकोणीस नावं सांगितली. ती ऐकत होती. प्रत्येकाची आई, प्रत्येकाचं घर तिला ठाऊक होतं.

"घसा बसलाय तुमचा," ती म्हणाली. "गरम पाणी घ्या." आणि नात रडायला लागली म्हणून तिनं फोन ठेवला. पाऊण तास झाला होता.

शनिवारी चित्रण आलं आणि दोन दिवसांत पाच हजारांनी बघितलं.

पुढच्या बैठकीत कोणी विषय काढायच्या आत नानासोंनीच सांगितलं, की अंतिम सामनाही रविवारी ठेवा आणि सगळ्यांना दाखवा. ऋषिराजला नवल वाटलं, त्यानं कारण विचारलं. "केरळात एक गडी हाय," एवढंच ते म्हणाले. त्याचं नाव त्यांनी सोनमकडून मागून घेतलं होतं आणि पहिल्याच रविवारी, नाणेफेकीच्याही आधी, त्याला त्याच्या घरची खबर दिली.

आता माया सगळे सामने तिकडं बघते. सहा वाजता तिचा फोन येतो. कोण जिंकलं, कोणाच्या घरी काय, तिला आधीच माहीत असतं. ती जेवणाचं विचारते, ते नातवंडांचं विचारतात. पाच मिनिटांत बोलणं संपतं, मग नानासो माइकची वायर गुंडाळून ठेवतात आणि बनाबाईकडं भाकरी आणायला जातात.